लाल चौकट

रूना हॅलक्रोने ती लाल चौकट पहिल्यांदा धड वाचली ती दुपारी, सँडविच खाता खाता, आणि तीही नाइलाजाने. तिची नर्स मेरन जेवायला घरी गेली होती. दाताच्या खुर्चीवर पेशंट नव्हता. बार्बरा इझबिस्टर नावाच्या म्हातारीचा फोन येऊन गेला होता, की कवळीखाली पुन्हा चरचरतंय, मागच्या वेळचं ते जेल परत लिहून द्या. रूनाने संगणकावर जेलचं नाव टाइप केलं आणि पडदा लाल झाला.

तसा त्या दवाखान्यातला पडदा दिवसभर लालच व्हायचा. औषध लिहिताना दाताच्या डॉक्टरची चूक होऊ नये म्हणून मालक कंपनीने ते सॉफ्टवेअर बसवलं होतं. कुठलं औषध कुणाला चालत नाही, कशाबरोबर देऊ नये, हे ते आधीच सांगणार. कल्पना वाईट नव्हती. पण ज्यांनी ते बनवलं त्यांना पेशंटपेक्षा कोर्टाची भीती जास्त होती. शिवाय गावच्या डॉक्टरकडची नोंद दाताच्या दवाखान्यात दिसतच नव्हती. दोन्ही संगणक सरकारी पैशाने घेतलेले आणि एकमेकांशी अबोला धरलेले. मग समोरचा माणूस कुठल्या गोळ्या खातो हे माहीत नसलेलं ते सॉफ्टवेअर सगळ्यांनाच सगळं ओरडून सांगायचं. दुखण्यावरची साधी गोळी लिहिली, लाल. गुळण्यांचं औषध लिहिलं, लाल. टूथपेस्ट लिहिली तरी लाल. आणि माणूस मरेल अशी गोष्ट असली तरी तेवढाच लाल, तेवढीच चौकट. उद्या कुणी मेलं तर ‘आम्ही सांगितलं होतं’ म्हणायला बनवणारे मोकळे. मेरनने त्याचं नाव ‘सासू’ ठेवलं होतं, आणि सगळा दवाखाना तेच नाव वापरायचा.

त्यात आणखी एक भानगड. दाताच्या डॉक्टरचे दोन्ही हात दुसऱ्याच्या तोंडात असतात. हातमोज्यांना थुंकी आणि रक्त लागलेलं. त्या हातांनी माऊसला शिवायचं नाही, शिवलं तर मोजे बदला, पुन्हा हात धुवा. म्हणून माऊस असायचा नर्सच्या हातात. रूना औषध सांगायची, मेरन टाइप करायची. सासू ओरडली की मेरन विचारायची, “काय करू?” रूना मान वर न करता सांगायची, “हो म्हण.” मग सासू कारण विचारायची. तिथे चार तयार कारणं होती आणि मेरन नेहमी पहिलंच निवडायची: ‘पेशंटला धोका समजावून सांगितला आहे.’ कुणी कुणाला काही समजावलेलं नसायचं. त्या उत्तरेकडच्या बेटांवर सगळ्या दवाखान्यांत असंच चालायचं, आणि ज्यांना हे ठाऊक नव्हतं ते वरच्या कचेरीत बसून, औषधं किती सुरक्षित झाली याचे रंगीत आलेख काढत होते.

आज मात्र मोजे नव्हते आणि मेरनही नव्हती. तोंडात घास होता, म्हणून रूनाने वाचलं. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर हे जेल देऊ नका. तोंडात लावलेलं जेल गिळलं जातं आणि रक्तात उतरतं. त्या गोळीचा जोर बेसुमार वाढतो. जीवघेणा रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत.

बार्बरा ती गोळी घेत नव्हती. लॉरी मोआट घेत होता.

घास तिच्या तोंडातच राहिला. लॉरी मागच्या आठवड्याच्या सुरुवातीला येऊन गेला होता. येल बेटावरचा जुना कोळी, तिच्या बापाबरोबर एकाच बोटीवर होता. हृदयात कृत्रिम झडप, म्हणून वॉरफरिन जन्माची. हे रूनाला पाठ होतं. दोनदा तिने त्याचा दात काढला होता आणि दोन्ही वेळा आधी रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा मागवून घेतला होता, आकडा बरोबर नव्हता तेव्हा त्याला हात हलवत परत पाठवलं होतं. दाताचा कुठलाही डॉक्टर हे करतो. रक्त पातळ म्हटलं की त्याच्या डोक्यात एकच चित्र येतं: काढलेल्या दाताचा खड्डा आणि न थांबणारं रक्त. पण त्या दिवशी काढायचं काहीच नव्हतं. कवळीखाली बुरशीचा पांढरा थर धरला होता. ना चिमटा, ना सुई, ना रक्त. मग रक्त पातळ असण्याचा विचार कशाला येईल? औषधं तीच चालू आहेत ना, असं तिने विचारलं आणि लॉरी म्हणाला, तीच. तिने जेल सांगितलं. दिवसातून चार वेळा, थर गेल्यावरही आठवडाभर लावत राहा.

कॉलेजात हे शिकवलं होतं. परीक्षेत आलं होतं आणि तिने बरोबर लिहिलं होतं.

तिने लॉरीच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तेवढ्यात मेरन आली, ओला कोट काढत काहीतरी गमतीचं सांगत होती, आणि रूनाचं तोंड बघून गप्प झाली.

“लॉरीचं जेल लिहिलं तेव्हा सासू ओरडली होती का?”

“ओरडली असेल. ती कधी ओरडत नाही?” मग मेरनने पडदा पाहिला, वाचला, आणि तिचा रंग उतरला. “मी दाबलं गं ते. तू म्हणालीस हो म्हण.”

“मीच म्हणाले. तू आता एक कर. हे जेल दिलेले सगळे शोध आणि प्रत्येकाला फोन करून विचार, रक्त पातळ करायची गोळी खाता का. दुपारचे पेशंट रद्द कर.”

तिसऱ्यांदा लावल्यावर लॉरीची बायको रूबीने फोन उचलला. बाहेर कपडे वाळत घालत होते म्हणाली, एका हाताने वेळ लागतो. तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. लॉरी घरी नव्हता. सकाळीच बोट घेऊन लिंगाला गेला होता. लिंगा म्हणजे येलच्या पूर्वेचं उजाड बेट, तिथे त्याच्या मेंढ्या चरायला सोडलेल्या असत आणि या दिवसांत लोकर कातरायची असे. बरोबर कुत्रा आणि कात्र्या. मोबाइल स्वयंपाकघरातल्या खणात, नेहमीसारखा.

रूनाने शक्य तितक्या शांतपणे विचारलं, की त्यांना कुठे रक्त वगैरे येतंय का.

“रक्त कशाला येईल? परवापासून लघवी लाल होतेय, पण ती बिटामुळे. मी बरणी भरून बीट घातलंय व्हिनेगरमध्ये, हा रात्रंदिवस खारवलेल्या मटणाबरोबर तेच खातोय. मी म्हटलं डॉक्टरला दाखव. म्हणतो, डॉक्टरला काय बीट दाखवू?” रूबी हसली. पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही तेव्हा तिचंही हसू थांबलं. “काय झालं, रूना?”

“ते बीट नाही. मी येते. बोट आहे का दुसरी?”

भावाची होती, धक्क्यावर बांधलेली. पण भाऊ साल्मनच्या पिंजऱ्यांवर कामाला गेलेला, आणि इंजिनाची दोरी ओढायला रूबीचा खांदा चालत नव्हता. रूना म्हणाली, दोरी मी ओढीन.

येलच्या डॉक्टरला तिने गाडीकडे जाता जाता फोन केला. जे होतं ते सांगितलं, काही लपवलं नाही. तो म्हणाला, आधी त्या माणसाच्या हातातली कात्री काढून घ्या. हेलिकॉप्टर बोलावतो, पण ते दक्षिणेला फेअर आयलकडे दुसऱ्या पेशंटला घ्यायला गेलंय, यायला वेळ लागेल. परिचारिकेला रक्त तपासायचं यंत्र घेऊन धक्क्यावर उभी करतो.

गाडी येलला जाणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत लागली तेव्हा तिचा फोन वाजला. नील पेट्री. कंपनीचा व्यवस्थापक, अ‍ॅबरडीनला बसणारा. मेरनने दुपारचे पेशंट रद्द केल्याचं त्याच्या पडद्यावर दिसलं होतं. पेशंट मेला तर त्याला आठवड्याने कळलं असतं, पण खुर्ची रिकामी राहिली की लगेच कळायचं. रूनाने त्याला काय झालं ते सांगितलं. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. आधी विमावाल्यांना फोन कर, म्हणाला. तिकडे जाऊ नकोस. पेशंटशी, घरच्यांशी बोलू नकोस, माफी तर मागूच नकोस, माफी म्हणजे कबुली. ते आपले वकील बघतील. आणि हे बघ, मी आताच नोंद उघडलीय. इशारा बंद केला तो मेरनच्या नावाने. तुझ्या दृष्टीने ते बरंच आहे.

“नील,” रूना म्हणाली, “तो माणूस आत्ता आतून गळतोय. त्याच्या एका हातात कात्री आहे आणि दुसऱ्या हातात लाथा मारणारी मेंढी. तू मला कुणाच्या दृष्टीने काय बरं ते सांगतोयस?”

तिने फोन बंद करून मागच्या सीटवर फेकला. फेरीचा माणूस गाड्या आत घेत होता, रोजच्यासारखा, सावकाश, एकेकाशी हवापाण्याचं बोलत. रूनाला त्याला मारावंसं वाटलं.

पाण्यावर वारा वाढला होता. फेरी पलीकडे लागेपर्यंत ती गाडीतून उतरली नाही. स्टिअरिंग धरून बसली होती आणि मनाशी हिशोब करत होती. जेल चालू करून किती दिवस झाले, लघवी लाल होऊन किती, आज सकाळपासून त्याने किती मेंढ्या कातरल्या असतील. डोक्याला मार लागला तर? मेंढीने ढुसणी दिली, खडकावर पडला तर? बाहेरून दिसणारं रक्त निदान दाबता येतं. डोक्याच्या आतलं रक्त कुणाला दाबता येत नाही.

रूबी धक्क्यावर उभी होती, एक हात झोळीत, दुसऱ्या हातात जाकिटं. रूनाने दोरी ओढली, इंजिन खोकलं, बंद पडलं. पुन्हा ओढली. चौथ्या की पाचव्या ओढीला ते लागलं. तोवर रूनाच्या तोंडून अशा शिव्या निघाल्या होत्या की तिच्या बापाने कान धरला असता. रूबीने सुकाणू घेतलं, तेवढं एका हाताने जमत होतं. लाटा आडव्या येत होत्या. दोघी चिंब झाल्या.

लिंगाच्या काठाला आधी कुत्रा दिसला. तो भुंकत पाण्यापर्यंत यायचा आणि मागे पळायचा. लॉरी त्याच्या बोटीजवळच्या खडकावर बसला होता. डाव्या हाताला त्याने आपला शर्ट गुंडाळला होता, आणि शर्टाचा मूळ रंग कोणता होता ते सांगता येत नव्हतं. खडकावरून लाल ओघळ समुद्राकडे गेला होता.

“तुला कुणी बोलावलं?” तो रूनाला म्हणाला. मग बायकोकडे वळून, “एवढीशी चीर. मेंढीने हिसका दिला. सकाळपासून थांबतंय थांबतंय म्हणून बसलोय. बोट ढकलायला गेलो की पुन्हा सुरू.”

त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. उघड्या दंडांवर जांभळे डाग पसरले होते, मुठीएवढे, कुठे लागलं ते त्यालाच माहीत नव्हतं. रूनाने शर्ट सोडला. चीर खरंच एवढीशी होती. घरात कांदा कापताना पडते तेवढी. त्यातून रक्त येत होतं, सावकाश, न कंटाळता. तिने बोटीतल्या पेटीतलं कापड घेतलं, चिरेवर ठेवलं, दोन्ही हातांनी दाबलं आणि त्याचा हात उंच धरला. मोजे नव्हते. ते तिच्या लक्षातही आलं नाही.

“डोकं दुखतंय?”

“जरा जड आहे.”

दोघींनी मिळून त्याला बोटीत घातलं. त्याची बोट तिथेच राहिली, अर्ध्या कातरलेल्या मेंढ्या तिथेच राहिल्या. कुत्रा उडी मारून त्याच्या पायाशी बसला. अर्ध्या पाण्यात आल्यावर लॉरीचे डोळे मिटू लागले, आणि रूनाला वाटलं, हा जाणार. हा जाणार आणि याला कळणारसुद्धा नाही का ते.

“लॉरी, झोपू नका. माझ्याकडे बघा. हे माझ्यामुळे झालंय.”

त्याने डोळे उघडले.

“मी दिलेलं ते जेल तुमच्या गोळीबरोबर चालत नाही. मला माहीत होतं आणि तरी मी दिलं.”

“माहीत होतं?”

“हो. शिकवलं होतं. त्या दिवशी संगणकानेही सांगितलं होतं.”

“मग?”

“वाचलं नाही. तो रोजच ओरडतो.”

सुकाणूवर बसलेल्या रूबीने हे ऐकलं. तिने इंजिनाचा कान पिळला आणि बोट लाटांवर आपटायला लागली. लॉरी बराच वेळ रूनाकडे बघत होता. डोळे मिटत नव्हते, एवढं तरी झालं होतं.

“धुक्यात दीपगृहाचा भोंगा रात्रभर वाजतो,” तो म्हणाला, थांबत थांबत. “रोजचाच आहे म्हणून मी कूस बदलून झोपलो असतो ना पोरी, तर तुझा बाप तळाशी असता. आणि तू जन्मालाच आली नसतीस. म्हणजे आज मला एवढा ताप झाला नसता.”

हे तो हसवायला बोलला की टोचायला, रूनाला कळलं नाही. कदाचित दोन्ही.

“नीट दाब,” तो म्हणाला. “सुटतंय.”

धक्क्यावर परिचारिका गुडघ्यावर बसली, त्याच्या दुसऱ्या हाताच्या बोटातून थेंब घेतला. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. मोजता येतं त्याच्या वर, एवढंच सांगितलं. परिचारिकेने ते रूनाला दाखवलं, रूबीला दाखवलं नाही. आता फक्त वाट बघायची होती. रूना फरशीवर बसून त्याचा हात दाबून होती. तिची बोटं बधिर झाली, मनगटात कळ आली. परिचारिका म्हणाली, मी धरते. रूना म्हणाली, नको. हेलिकॉप्टरचा आवाज आला तेव्हाही तिने सोडलं नाही. त्यातून उतरलेल्या माणसाने तिची बोटं एकेक करून उचलली आणि तिथे आपली ठेवली.

हेलिकॉप्टरमध्ये रूबीला जागा मिळाली नाही. तिला लर्विकच्या हॉस्पिटलपर्यंत रूनाच्याच गाडीतून जावं लागलं. फेरी, मग दक्षिणेकडचा लांब रस्ता, दोन्हीकडे काळी दलदल. कुत्रा मागच्या सीटवर. एवढ्या वाटेत रूबी एकदाच बोलली. म्हणाली, खिडकी उघड, माझ्या कपड्यांना त्याच्या रक्ताचा वास येतोय.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्या दोघी दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसल्या. आत काय चाललंय ते रूनाला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याने जास्त वाईट होतं. रक्त गोठवणारे घटक शिरेतून देत असतील, व्हिटॅमिन के देत असतील, डोक्याचा फोटो काढत असतील. त्या फोटोत एक पांढरा डाग दिसला की संपलं. तिने फोन चालू केला. मेरनचे दोन निरोप होते. पहिला, जेल दिलेल्या बाकी सगळ्यांशी बोलले, वॉरफरिन कुणालाच नाही. दुसरा फक्त प्रश्नचिन्ह. नीलचा निरोप लांबलचक होता. त्याने अहवालाचा मसुदाच पाठवला होता: सहायक कर्मचाऱ्याने इशारा योग्य प्रकारे हाताळला नाही, तरी तिला पुन्हा प्रशिक्षण देण्यात येईल.

रूनाने तिथेच बसून उत्तर लिहिलं. इशारा मी बंद करायला लावला. रोज लावते. तुम्ही दिलेलं सॉफ्टवेअर इतकं ओरडतं की खरं संकट आलं तरी ऐकू येत नाही, हे मी दोनदा कळवलं होतं आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत. पण वाचलं नाही ते मी. मेरनचं नाव अहवालात आलं तर मी स्वतः दंत परिषदेला लिहीन, आणि तुझा आजचा फोनही त्यात असेल. तिने पाठवून दिलं. तिला बरं वाटलं नाही. बरं वाटावं असं त्यात काही नव्हतं.

डॉक्टर बाहेर आली तेव्हा दोघी एकदम उठल्या. ती रूबीशी बोलली. डोक्यात काही नाही. हाताचं रक्त थांबलंय. पोटात आणि मूत्रपिंडात थोडा रक्तस्राव झालाय, ते भरून येईल. आता उलटी काळजी, झडपेवर गुठळी व्हायला नको, म्हणून काही दिवस इथेच ठेवू. पण जगतील.

रूबी भिंतीला टेकली. चांगला हात तोंडावर ठेवून ती आवाज न करता रडली, आणि रूना अर्ध्या व्हरांड्यात उभी राहिली, पुढे जावं की नाही ते न कळून. मग ती पुढे गेली. रूबीने हात वर करून तिला थांबवलं.

“तो आत विचारतोय म्हणे, तू आहेस का,” रूबी म्हणाली. “त्याला काही वाटत नाही. तो तसाच आहे, त्याच्यावर बोट घातलीस तरी विचारेल तुला लागलं का. मी तशी नाही.”

“मला माहीत आहे.”

“तुला पुष्कळ माहीत असतं.” रूबीने नाक पुसलं. “तू आलीस, दोरी ओढलीस, ते मी बघितलं. पण आज मला तुझं तोंड बघायचं नाही. कुत्र्याला माझ्या बहिणीकडे सोड आणि घरी जा.”

ती आत गेली आणि दार तिच्यामागे लागलं. रूना स्वच्छतागृहात गेली आणि नखांतलं रक्त निघेपर्यंत हात धूत राहिली. बाहेर पडता पडता तिने मेरनला फोन लावला. पलीकडून काही आवाज येण्याआधीच ती म्हणाली, “जगला.”